गरवण्याची वही: कालावल खाडी, उन्हाळा २०२५

२३ मार्च, रविवार. फाल्गुन वद्य नवमी

आजपासून वही. सहा उन्हाळे गरवते आहे, म्हणजे गळाने मासे पकडते आहे. गावलेल्या माशांचे फोटो ढीगभर आहेत, पण रिकाम्या हाताने परतले त्या दिवसांची कुठे एक ओळ नाही. ‘उधाणाला तांबोसा हमखास’, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तांबोसा मासा मिळणारच, असं मी छातीठोकपणे सांगत आले. ते खरं आहे, की मला फक्त गावलेलेच दिवस आठवतात, हे या उन्हाळ्यात बघायचं. मेअखेरपर्यंत जाईन तितक्या वेळा लिहायचं. काही गावलं नाही तर जास्तच लिहायचं.

जागा तीन. एक, खाडीतलं वळण, जिथे कांदळवनाची मुळं थेट पाण्यात उतरली आहेत. दोन, खाडीचं मुख, तळाशीलच्या वाळूचं टोक, गड नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे. तीन, सर्जेकोटच्या बाजूचे खडक. मालवण बंदराकडे जायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतं.

लिहायचं काय: तिथी, पाणी फिरल्याची वेळ, वारा, पाण्याचं तापमान (बादलीत थर्मामीटर) आणि निवळपणा. निवळपणासाठी मेलामाइनचं पांढरं ताट घेतलं, मधोमध भोक पाडून खाली शिसं बांधलं आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारली. ताट दिसेनासं होईल ती गाठ मोजायची. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने पोपच्या जहाजावरून हेच केलं होतं. त्याची तबकडी बहुधा माझ्या ताटापेक्षा बरी असेल, माझ्या ताटावर गुलाबाची फुलं आहेत.

आजचं मोजमाप: मुखाशी २९.५ अंश, वळणावर ३०.५. ताट मुखाशी १४ गाठी, वळणावर ८. गरी टाकली नाही. मामा बांधावरून बघत होता. म्हणाला, “ताट धुवूक इलंय काय गे?”

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

उधाण. म्हणजे माझा हमखास दिवस. भरतीचा हिशेब इथे सगळ्यांना पाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण म्हणजे दुपारी पाऊण वाजता. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, म्हणून मी पोचले साडेचारला. तोवर खाडीतून पाणी असं धावत होतं की ४० ग्रॅमचं शिसंही तळाला ठरेना. ताट तिसऱ्या गाठीला नाहीसं झालं. उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी, काठाचा चिखल खरवडून आणते, त्यामुळे वळणावर नुसता चहा वाहत होता.

सातच्या सुमाराला पाणी अगदी खाली जाऊन थांबलं आणि सूर्यही बुडाला. माझी सगळ्यात आवडती वेळ, आणि खाडीत पाणीच नाही.

गावलं: केंडं, चार. पोट फुगवून बघत बसणारी. दोन गळ तंगुसासकट (नायलॉनच्या दोऱ्यासकट) कातरून नेले. केंडाचे दात चोचीसारखे जुळलेले असतात, साध्या लीडरला, गळाजवळच्या जाड दोऱ्याला, ते जुमानत नाहीत. आणि खायचा तर प्रश्नच नाही, त्याचं विष शिजवून जात नाही.

५ एप्रिल, शनिवार. चैत्र शुद्ध अष्टमी

हिशेबाने भरती सहाला. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस, पाण्याला जोर नाही. खरं तर आज जाणार नव्हते, पण रिकामा दिवस वहीत हवा म्हणून गेले.

वळणावर ताट ९ गाठी. वायव्येचा वारा पाचनंतर पडला. पागाने (फेकायच्या जाळ्याने) पकडलेली जिवंत कोळंबी, शेपटीच्या वरच्या पेरात सर्कल हुक (गोल वाकाचा गळ), शिसं अगदी हलकं. सहाला पाणी फिरेल म्हणून बसले तर फिरलं पावणेसातला. सात वाजून पाच मिनिटांनी दोरा आधी सैल पडला, मग एकदम मुळांकडे धावला. रीलाचा ड्रॅग (ब्रेक) आवळलेला होता म्हणून वाचले. तांबोशाची तीच रीत आहे, घास घेतला की पहिल्या दोन सेकंदांत घरी परत. तेवढ्यात फिरवला नाही तर दोरा मुळात गुंततो आणि मासा तुमचा राहत नाही.

तांबोसा, १.३ किलो. सव्वासातला दुसरा, हाताएवढा, सोडला. खाडीतले तांबोसे बहुतेक पोरसवदाच असतात. वाढले की बाहेर खोल खडकांवर जातात आणि अंडी तिकडेच घालतात. त्यामुळे ‘खाडीतला मोठा तांबोसा’ या शब्दांना तशी मर्यादाच आहे.

भांगाला दोन, उधाणाला शून्य. एका दिवसावरून काही ठरत नाही, पण सहा वर्षांची माझी बढाई पहिल्याच पंधरवड्यात अडचणीत आली.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती, पौर्णिमा

गरवणं बाजूला. आज काठी रोवली. गेल्या शनिवारी पाणी पाऊण तास उशिरा फिरलं ते डोक्यात होतं. एक कारण हिशेबातच आहे: पाऊणपटीचा नियम अष्टमीच्या आसपास अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दुसरं कारण जागेचं. तो नियम उघड्या किनाऱ्याचा. भरतीचं पाणी मुखातून आत शिरून वळणापर्यंत यायला वेळ लागतो. किती, ते मोजायला दोन बांबू आणले, त्यांवर लाल तेलरंगाने १० सेंटिमीटरच्या खुणा केल्या. एक मुखाजवळच्या जुन्या खांबाला बांधला, दुसरा वळणावर चिखलात ठोकला. ठोकताना गुडघ्यापर्यंत रुतले. चप्पल अजून तिथेच आहे.

पौर्णिमेची भरती हिशेबाने सव्वाअकराला. मुखाशी ११ वाजून २० मिनिटांनी पाणी थांबलं, वळणावर १२ वाजता. म्हणजे ४० मिनिटांचा फरक. सहा वर्षं मी मुखाचं घड्याळ घेऊन वळणावर बसत होते.

१३ एप्रिल, रविवार

मामाला काठ्यांचा प्रकार सांगितला. मामाचा जन्म रापणीत, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेला. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून खळ्यात बसून जाळी विणतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझो चंद्र वर, मासो खाली. तू बघतस खय?” मग थोड्या वेळाने स्वतःहूनच, “पाणी फिरला काय बस. फिराक नाय तर च्या पी.”

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला किल्ल्याजवळून पॉपर (पाण्यावर आवाज करणारं खोटं आमिष) टाकायचा होता. तिथे नाही चालत म्हटलं, तर म्हणे बोर्ड कुठे आहे. योगायोग असा की मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेही १३ एप्रिललाच, १९८७ साली. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडंसं वर. त्याला सर्जेकोटच्या खडकांवर नेलं. वीतभर कोकर गावला. खूश होता.

१८ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडेची सुट्टी

मुख, पावणेचारची भरती. उन्हात बसले. शिंगाळे, सहा. सहावा सोडवताना हात सटकला आणि छातीजवळच्या पराचा काटा अंगठ्यात गेला. कळ कोपरापर्यंत. घरी येऊन सोसेल तितक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून बसले. हे विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं, त्यामुळे बर्फ लावू नये. नोंद डाव्या हाताने लिहिली आहे.

२० एप्रिल, रविवार. चैत्र वद्य सप्तमी

अंगठा बरा. वळण. तापमान दुपारी तीनला ३२.५, संध्याकाळी ३१.५. एवढ्या ऊबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे दुपारी उथळात मासा असला तरी तोंड उघडत नाही. एप्रिलमधल्या माझ्या सगळ्या दुपारी हेच सांगताहेत. नदीचं गोडं पाणी आटल्यामुळे खारं पाणी आता बरंच आत चढलं आहे. गेल्या आठवड्यात जिथे काळुंदर गावायचे, तिथे आज टोळ मासे उड्या मारत होते.

हिशेबाची भरती सव्वापाच, वळणावर पाणी फिरलं सहा वाजून पाच मिनिटांनी. ताट १० गाठी. साडेसहा ते साडेसात, तासाभरात चार घास. तांबोसे तीन, त्यांतला एकच (९०० ग्रॅम) घरी आणला. एक पालू.

रात्री जेवताना वही चाळली आणि घास हातातच राहिला. तांबोसे मिळाले ते दोन्ही दिवस सप्तमी-अष्टमीचे. सप्तमी-अष्टमीला भरती कधी येते? संध्याकाळी. म्हणजे सुकतीचा पहिला तास तिन्हीसांजेला पडतो. मुळांत शिरलेली बारीक कोळंबी, शेवटे माशांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर यायला लागतात, नेमका तेव्हाच उजेड कमी होतो. तांबोसा दाराशीच उभा. मग माशाला भांग आवडतो, की सुकती, की अंधार, की निवळ पाणी? चारही गोष्टी एकाच दिवशी हजर आणि मी श्रेय द्यायला निघाले होते चंद्राला.

आणि गोम अशी की या किनाऱ्यावर त्या सुट्या करता येत नाहीत. तिन्हीसांजेची भरती हवी तर ती भांगालाच मिळणार. उधाणाला संध्याकाळी नेहमी ओहोटी. हे घड्याळ पक्कं बांधलेलं आहे.

पूर्ण नाही, तरी थोडं सुटं करता येईल:
दुपारची सुकती, म्हणजे सुकती आहे पण अंधार नाही. १ मेला सुट्टी, चतुर्थी, भरती तीनला.
उधाणाची मध्यरात्रीची सुकती, म्हणजे सुकती आणि अंधार दोन्ही आहेत, भांग नाही. बुद्धपौर्णिमा, १२ मे, तीही सुट्टी.

२७ एप्रिल, रविवार. अमावास्या

खडक. वाऱ्याचं नाव नाही, समुद्र तेलासारखा, आणि तरी पंधरा-सोळा सेकंदांनी एक लांब लाट येऊन खडकावर चढत होती. अशी लाट इथल्या वाऱ्याची नसते. दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला वादळ होतं आणि त्याची लाट हजारो किलोमीटर चालत इथे येते. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. हैदराबादचं इन्कॉईस (समुद्राची माहिती देणारी राष्ट्रीय संस्था) तिचे इशारे देतं. निघण्यापूर्वी वारा बघून भागत नाही, लाटेचा कालावधीही बघावा. पाठ वळवून उभी होते, गुडघ्यापर्यंत भिजले. बादली गेली, थर्मामीटर गेला. गरी न टाकता परत.

१ मे, गुरुवार

नवा थर्मामीटर, ३३ अंश वळणावर. वळणावर पाणी फिरलं पावणेचारला. ताट ६ गाठी. वायव्येचा वारा सणसणीत, दोऱ्याला पोट पडत होतं. सुकतीचा पूर्ण दीड तास बसले, जिवंत कोळंबी आणि नंतर १२ सेंटिमीटरचा मिनो (माशासारखं खोटं आमिष). एक कोकर, वीतभर. एक केंड.

म्हणजे नुसती सुकती पुरत नाही. निदान मे महिन्याच्या दुपारी तरी नाही.

४ मे, रविवार. सप्तमी सकाळी संपून अष्टमी

सविस्तर लिहिते, कारण पुन्हा कधी लिहायला मिळेल न मिळेल.

कुडाळहून थेट गेले. वळणावर साडेपाचला. वारा सहाला पडला. ताट ११ गाठी, हंगामातलं सगळ्यात निवळ पाणी. तापमान ३१.५. पाणी फिरलं साडेसहाच्या आसपास. काठीवरची लाल खूण ओली राहून वर आली की कळतं.

कोळंबी संपली होती (पाग दोनदा रिकामा आला), म्हणून मिनो. मुळांच्या कडेने समांतर टाकायचा, दोन झटके, थांबायचं. या थांबण्यातच सगळं आहे. सात वाजून दहा मिनिटांनी अशाच एका थांब्यावर फट असा आवाज झाला. दार आपटल्यासारखा. तांबोसा असा आवाज करत नाही. मग मासा पाण्याबाहेर आला, तोंड उघडं, डोकं हलवत. डोळा अंधारात निखाऱ्यासारखा चमकला. चोणक. रायगडकडे याला जिताडा म्हणतात.

दोर वीस पौंडी, लीडर चाळीस. चोणकाला मोठे दात नाहीत, पण गालाच्या कडेचं हाड पात्यासारखं असतं, लीडर त्यावर घासला की संपलं. पंचवीस मिनिटं. मामाला फोन करायला हात मोकळा नव्हता. काठाला आणला तेव्हा दोघंही दमलो होतो. पट्टीवर ९१ सेंटिमीटर.

सोडला. म्हणजे सोडली. चोणक जन्मतः नर असतो, मोठेपणी मादी होतो. एवढ्या आकाराची जवळपास नक्की मादीच. पाऊस लागला की याच मुखाशी अंडी घालायला उतरणार. शेपटी धरून तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात उभी राहिले. तीनेक मिनिटांनी तिने हात झटकला आणि गेली.

घरी मामाने विचारलं, “काय गावला?” चोणक, म्हटलं. “खय आसा?” सोडली. मामा जाळं विणायचा थांबला. त्या माशाचा बाजारभाव काय ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. काही बोलला नाही. मामीने मात्र दोन दिवस ऐकवलं.

१० मे, शनिवार

नाही गेले. पाकिस्तानशी चाललेल्या संघर्षाच्या बातम्यांमुळे आठवडाभर कोणाचंच लक्ष ठिकाणावर नाही. किनाऱ्यावर गस्त वाढली आहे.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा (रात्र)

मामाला गळ घातली आणि तो आला. खुर्ची घेऊन. रात्री साडेअकराच्या सुमाराला जाग्यावर. गस्तीवरच्या पोलिसांनी विचारपूस केली, ओळखपत्रं बघितली. ताट-दोरी बघून त्यांचे प्रश्न वाढले. मामाने मालवणीत समजावलं, नेमकं काय ते मला कळू दिलं नाही. ते हसत गेले.

चांदणं लख्ख. पाणी वळणावर सव्वाबाराला फिरलं आणि पंधरा मिनिटांत धावायला लागलं. ताट चांदण्यात नीट मोजता येत नाही. टॉर्चच्या उजेडात ४ गाठी, गढूळ. आज दुपारच्या भरतीचं पाणी काठीवर रात्रीपेक्षा ठळक वर गेलेलं होतं. एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, हे वाचून ठाऊक होतं, खुणेवर प्रथमच बघितलं.

पावणेदोनपर्यंत एक घास. दोरा मुळात. मासा काय होता कळलं नाही.

तेव्हा सुकती आणि अंधार दोन्ही असूनही उधाणाच्या गढूळ, धावत्या पाण्यात फार काही झालं नाही. एका रात्रीवरून मी काही जाहीर करणार नाही. पण वहीतल्या सगळ्या घासांसमोर ताटाच्या गाठी लिहून बघितल्या. तांबोसा आणि चोणक मिळून सहा, सहाही ९ किंवा जास्त गाठींना. ८ आणि त्याखाली एकही नाही. तिथीपेक्षा ताट जास्त बोलतंय. पुढचा निवळ संधिकाल २० मे, वद्य अष्टमी. अर्धी रजा टाकली आहे. तेव्हा हेच वळण, पण त्याच दिवशी पहाटेचीही भरती धरायची. पहाटे उजेड वाढत जातो, संध्याकाळी कमी होतो. बाकी सगळं सारखं. तेवढं एक तरी सुटं होईल.

मामा पहाटे दोनला परत येताना, “सांगलंय ना, ताटच बघ.” त्याने कधीही असं सांगितलेलं नाही.

२० मे, मंगळवार

पहाटे साडेचारला उठले ती पत्र्यावरच्या आवाजाने. वळवाची सर असेल म्हणून थांबले. सहा वाजले, आठ वाजले. दुपारी खाडीवर नुसतीच बघायला गेले. पाणी लाल. ताट पहिल्याच गाठीला गेलं, म्हणजे ताट बुडवायच्या आधीच. रजा वाया.

२१ मे, बुधवार

ऑफिसातून येताना अंधारातच दोन्ही काठ्या काढून आणल्या. मुखाजवळची जवळजवळ सुटलीच होती. बंदरात होड्या वर ओढायची घाई. मासेमारीची बंदी १ जूनपासून, पण एवढ्या पावसात शेवटचे दहा दिवस कोणालाच मिळणार नाहीत असं दिसतंय. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यापुढे माझं पहाट-संध्याकाळचं कोडं काय.

२४ मे, शनिवार

अरबी समुद्रातल्या कमी दाबाचं काल-आजमध्ये अवदाब क्षेत्र झालं आणि ते दुपारच्या सुमाराला रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून आत गेलं. इथे वीज नाही. समुद्राचा आवाज घरात येतोय. नोंद मेणबत्तीवर.

२६ मे, सोमवार

काल मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं हवामान खात्याने सांगितलं, देवगडपर्यंत. आज मुंबई. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. यंदाचा उन्हाळा पंधरवडाभर कापून नेला. वहीत मे महिन्याची शेवटची चार पानं कोरी आहेत, ती तशीच ठेवते.

१ जून, रविवार

बंदी सुरू, ३१ जुलैपर्यंत. यांत्रिक नौकांना आहे, काठावरून गरवणाऱ्याला नाही. पण खाडीच्या मुखाशी आता चोणकं उतरतात, म्हणून या दोन महिन्यांत मुख आणि वळण माझ्यापुरतं बंद. रीलं उघडली, गोड्या पाण्याने धुतली, ग्रीस लावलं. गळ चिकटपट्टीच्या डबीत, तांदळाचे दाणे घालून.

पुढच्या मार्चसाठी कामं: ताट पांढरं घ्यायचं, फुलांशिवाय. मुखाशीही तिन्हीसांजेला बसायचं, यंदा एकदाही बसले नाही. पहाटेचा प्रयोग आधी, एप्रिलमध्येच.

काठ्या मागीलदारी ठेवल्या होत्या. सकाळी बघितलं तर एकच. दुसरी मामाने दोडक्याच्या वेलाला लावली आहे, लाल खुणा बाहेरच्या बाजूला करून.

“वेल किती चढलो, ता तरी कळतला.”

आज तिसऱ्या खुणेवर आहे.